आधी वरचा थर

फायबरच्या कामात पहिला हात रंगाचा असतो. लाकडी होडी बांधताना आधी सांगाडा उभा राहतो, मग फळ्या बसतात आणि रंगाचा डबा अगदी शेवटी उघडतो. पत्र्याच्या मोटारीचंही तसंच. पत्रा दाबायचा, जोडायचा, मग प्रायमर, मग रंग. फायबरमध्ये हा क्रम उलटा चालतो. साचा घासून, मेण लावून तयार केला की त्यात सर्वांत आधी जेलकोट मारतात. रंग मिसळलेल्या रेझिनचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा हा थर. बोटाला चिकट लागेल, पण बोटावर उतरणार नाही, इतपत तो आवळला की त्याच्या पाठीवर काचतंतूंची मॅट आणि रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन, असं अंग चढत जातं. वस्तू साच्यातून निघाली की जगाला जो पृष्ठभाग दिसतो तो सर्वांत आधी घातलेला असतो. बाकीचं सगळं त्याच्यामागून आलेलं असतं.

मालवणच्या दांडी, वायरी, सर्जेकोट, देवबाग, कुठल्याही किनाऱ्याने चाललात तरी हे काम उघड्यावर बघायला मिळतं. माझ्या लहानपणी तिथे काजूच्या टरफलांच्या तेलाचा वास असायचा. लाकडी होड्यांना ते चोपडत. आता रेझिनचा वास असतो, आणि नाक त्यालाही सरावलं आहे. होड्या बघतच मी वाढलो, पण फायबर मला नीट समजलं ते एका मोटारीमुळे.

मोटार म्हणजे सॅन स्टॉर्म. १९९८ साली सॅन मोटर्सने आणलेली, दोन माणसांची, छत उघडणारी गाडी. आरेखन फ्रान्समधलं, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास, अंग संपूर्ण फायबरचं. आणि ती बांधली गेली आमच्या शेजारी, गोव्यात. त्या काळात भारतीय रस्त्यावर स्पोर्ट्स कार म्हणजे मुंबईतल्या एखाद्या धनिकाने आयात शुल्क भरून आणलेलं परदेशी वाहन. अशा वेळी बांद्याचा नाका ओलांडल्यावर काही तासांच्या अंतरावर कुणी तरी हाताने थर चढवत अशी गाडी करत होतं, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. फार गाड्या झाल्या नाहीत आणि आता होतही नाहीत. ज्या उरल्या त्यातली एक मला म्हापशाच्या एका गॅरेजच्या मागच्या अंगणात, फणसाच्या झाडाखाली मिळाली.

स्पोर्ट्स कारला फायबरचं अंग असणं हा योगायोग नाही. पत्रा दाबायच्या डाय करायला अवाढव्य पैसा लागतो. तो लाखो गाड्या विकल्या तरच वसूल होतो. फायबरचा साचा त्या मानाने किरकोळ खर्चात होतो. प्रत्येक अंग काढायला वेळ आणि हात मात्र भरपूर लागतात. म्हणून ज्याला थोड्या गाड्या करायच्या आहेत तो फायबरकडे वळतो. अमेरिकेत शेव्हरोलेने १९५३ साली पहिली कॉर्व्हेट काढली ती फायबरची. त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या झाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या. बंगळूरच्या सिपानीने १९८०च्या दशकात डॉल्फिन नावाची छोटी फायबरची मोटार विकली. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने १.८ लिटरच्या इसुझू इंजिनावर उघडी रोडस्टर बांधली, तिचंही अंग फायबरचंच. अलिबाग आणि गोवा, दोन्ही ठिकाणं समुद्राला लागून. त्यामागे काही ठरवून केलेलं असेल असं मी म्हणत नाही, पण थोड्या संख्येने होणारी मोटार ही होडीच्या शेडमधल्या विद्येची सख्खी बहीण आहे, एवढं मी खात्रीने म्हणतो.

गाडी मालवणात आली तेव्हा ती काळी होती. मॅट काळी. बॉनेटवर आत हवा न नेणारी हवेची भोकं चिकटवलेली, मागे भलामोठा स्पॉयलर, नाकावर दुसऱ्याच कुठल्या तरी नामांकित कंपनीचा बिल्ला आणि चाकाच्या कमानीला घासणारे रुंद टायर. रंगाला जागोजागी बारीक चिरा होत्या. त्या चिरांत आणि ओरखड्यांत जांभ्याची धूळ बसून तांबड्या रेघा उमटल्या होत्या. समोरच्या दिव्यांची काच पिवळी, धुरकट. छताचं कापड शिवणीत उसवलेलं. इंजिन मात्र एका चावीत सुरू झालं आणि शांत चाललं.

बघायला आलेल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला. इंजिन, गिअर, सस्पेन्शन यांवर खर्च कर, रंगरंगोटी वरवरची, ती काय केव्हाही होते. चांगल्या मनाने दिलेला सल्ला होता आणि घाटावर तो बरोबरही ठरला असता. समुद्राकाठी तो चालत नाही. वाऱ्यातून खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात, सुकतात आणि मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. त्यामुळे पाऊस नसतानाही मालवणातला प्रत्येक खिळा, बिजागरी आणि बोल्ट वर्षातला मोठा काळ ओलाच असतो. त्यावर जूनपासून सुमारे तीन हजार मिलिमीटरचा पाऊस. इथे कुठल्याही वस्तूची लढाई वरच्या थरावरच लढली जाते. तो फुटला की आतलं राखायला फारसं काही हातात राहत नाही.

वायरीला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक मेस्त आहेत. मी गाडी त्यांच्या शेडसमोर नेऊन उभी केली. त्यांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. बोटाच्या पेरांनी टकटक करत ते दारं, मडगार्ड, बॉनेट असे सगळीकडे फिरले. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूची खूण. पुरी फेरी झाल्यावर म्हणाले, "इंजिन बाजारात गावतला रे झिला. ह्यां आंग खय गावतला?"

चिरांबद्दल मला त्यांनी जे शिकवलं ते मी आता कुणालाही सांगत सुटतो. जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसली की ती कुठून आली हे बघायचं. मधोमध एक केंद्र आणि सगळीकडे फुटलेल्या रेघा असतील तर तिथे आतून किंवा बाहेरून धक्का बसलेला असतो. एकमेकींना समांतर रेघा असतील तर तिथे अंग वाकतं आहे, आधार कमी पडतो आहे. माझ्या गाडीत चिरांचा सर्वांत मोठा पुंजका दाराच्या बिजागरीपाशी होता. तिथे फायबरच्या थरांत पोलादी पट्टी गाडलेली होती. फायबर गंजत नाही, पण पोलाद गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगला आणि त्याने फायबर आतून उचललं. बाहेर दिसत होती रंगाची एक नाजूक रेघ. तिच्यामागे बिजागरी हळूहळू सुटत चालली होती.

"वरसून भरलंस तर परत फुटतली. आधी उघड," मेस्त म्हणाले. मग छोट्या ग्राइंडरने चीर व्हीच्या आकारात खोल उघडली. रंग गेला, त्याखालची जुनी लांबी गेली, ती ओल शोषून पोचट झाली होती. निरोगी फायबर लागेपर्यंत थांबायचं नाही, हा नियम. गंजलेली पट्टी काढून तिथे ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची पट्टी आली. होड्यांवर हेच स्टेनलेस वापरतात; घरगुती भांड्यांचं ३०४ खाऱ्या हवेत काही वर्षांनी तांबूस ठिपके धरतं. मागून मॅटचे नवे थर, वरून रेझिनची पेस्ट, मग घासकाम. खालच्या पोलादी सांगाड्यालाही त्याच वेळी हात लागला. गंज खरवडला, प्रायमर लावला, अंडरकोटिंग केलं. रंगासाठी म्हणून सुरू केलेलं काम आम्हाला दाराच्या, सांगाड्याच्या, तळाच्या आत घेऊन गेलं. चिरेचा माग घेतला नसता तर ती बिजागरी एखाद्या वळणावर तुटली असती.

काळ्या रंगाचंही तसंच. मला काळा आवडत नव्हता हा रुचीचा प्रश्न होता, पण मेस्तांनी बॉनेट तिरप्या उजेडात दाखवलं तेव्हा कारण समोर आलं. पृष्ठभागावर मॅटच्या तंतूंची पुसट नक्षी उमटली होती. उन्हात काळा रंग भयंकर तापतो, आतलं रेझिन नव्याने आकसतं आणि तंतूंचा उठाव बाहेर येतो. म्हणूनच किनाऱ्यावरच्या होड्यांची तळाबुडाची बाजू काहीही असो, उन्हाकडची बाजू पांढरी, फिकी निळी, पिवळी असते. कोळ्यांनी हे रंग कुठल्या पुस्तकात वाचून घेतलेले नाहीत.

दाराच्या आतल्या कडेला, रबराखाली, वॉटर पेपरने घासता घासता मूळ रंग निघाला. पिवळा. नोंदणीच्या कागदातही रंग पिवळाच लिहिलेला होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत, आणि रंग बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, तेव्हा गाडी ओरोसला परिवहन कार्यालयात न्यावी लागणारच होती. पिवळ्यावर परत गेल्याने गाडी आणि तिचा कागद पुन्हा एकमेकांशी जुळले. मला त्यात कायद्यापलीकडचंही समाधान वाटलं. या गाडीला कुणी तरी विचार करून एक चेहरा दिला होता. तो शोधून परत आणणं हे मला नवा चेहरा देण्यापेक्षा जास्त अवघड आणि जास्त आनंदाचं काम वाटतं.

रंग कधी मारायचा हे मेस्तांनी वाऱ्यावरून ठरवलं. पावसाळ्यात नाही, हे उघडच होतं. हवेत पाणी असलं की रेझिन नीट धरत नाही आणि वरचा लॅकर पांढुरका पडतो. हिवाळ्यात पहाटे दव असतं. मग ऊन चढतं, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे कोरडे वाहत असतात, आणि दुपारच्या सुमारास खारा वारा फिरून येतो. दव सुकल्यापासून खारा वारा येईपर्यंतचे मधले काही तास, तेवढेच रंगाचे. जानेवारीतल्या अशा सकाळी शेड ताडपत्रीने बंद करून, जमीन पाण्याने भिजवून, तोंडाला चांगला मास्क बांधून पिवळ्याचे हात मारले. दोन भागांच्या या रंगातला हार्डनर फुप्फुसांना घातक असतो. रुमाल बांधून फवारणी करणारी मुलं मी अनेक गॅरेजात बघितली आहेत आणि ते बघवत नाही. यापुढे तरी कुणी तसं करू नये.

रंगापेक्षा घासकाम मोठं. आधी आठशे नंबरचा वॉटर पेपर, मग पंधराशे, दोन हजार, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. प्रत्येक नंबरचा पेपर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. पारदर्शक लॅकरचा थर सगळा मिळून ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. चकाकीच्या हव्यासाने दर दिवाळीला मशीन फिरवत राहिलं तर काही वर्षांत तो संपतो. कुडाळ-कणकवलीला हायवेच्या कडेने सिरॅमिक आणि टेफ्लॉन कोटिंगच्या पाट्या लागल्या आहेत. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर करावं. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने दर आठवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुतली, चाकांच्या कमानी आणि दारांच्या खाचा आतून धुतल्या, आणि प्लास्टिकचं आवरण घालून ओल आत कोंडली नाही, तर निम्मं काम तिथेच झालं. दिव्यांच्या पिवळ्या काचाही घासकामानेच उजळल्या. पॉलिकार्बोनेटचा उन्हाने करपलेला वरचा थर काढायचा आणि त्याजागी ऊन अडवणारा नवा लॅकर द्यायचा, एवढंच. नवा लॅकर दिला नाही तर वर्षभरात त्या पुन्हा पिवळ्या होतात.

मग प्रश्न आला सुधारणांचा. जुनी गाडी जशीच्या तशी करायची की तिच्यात भर घालायची? दोन्ही बाजूंचे लोक कडवे असतात. माझं मत काम करता करता ठरत गेलं. जी भर गाडीला इथे टिकायला मदत करते ती हवी, मूळ कारखान्याने दिली नसली तरी हवी. म्हणून स्टेनलेसचे बोल्ट आले, दारांना जाड रबराची बीडिंग आली, आणि छताचं कापड तारकर्लीला पर्यटकांच्या होड्यांवर छपरं शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून आलं, उन्हात न कुजणाऱ्या पॉलिस्टर दोऱ्याने. मूळ छतापेक्षा ते थोडं खरखरीत आहे, पण जुलैच्या सरीत आत थेंब येत नाही. आणि जी भर गाडीला ती जी नाही ते दाखवते, ती मला नको. खोटी भोकं उतरली, स्पॉयलर उतरला, परक्या कंपनीचा बिल्ला निघाला, टायर मूळ मापावर आले. साठ अश्वशक्तीच्या गाडीला तीनशे अश्वशक्तीचा वेश चढवणं हा त्या गाडीचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं. आचऱ्याच्या अरुंद रस्त्यावर, माडांच्या आणि गडग्यांच्या मधून, दुसऱ्या गिअरवर ही हलकी गाडी ज्या चपळाईने वळते, त्यासाठी साठ पुरतात. जमिनीलगत बसलेलं असावं, डोक्यावर आभाळ असावं, रस्त्याकडेला वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास, ओल्या पातेऱ्याचा वास थेट नाकात यावा. स्पोर्ट्स कारकडून मला एवढंच हवं होतं.

एक भर मात्र निव्वळ हौसेची घातली आणि ती सगळ्यांत जास्त आवडते. गिअरची मूळ मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम करणारे कारागीर आहेत. लाकडी फळं, खेळणी, पाट रंगवणारा हा गाव. इथल्या गंजिफा पत्त्यांची कला राजघराण्याने १९७०च्या दशकात जातीने लक्ष घालून जगवली. तिथे लेथवर मूठ कातून घेतली. लेथवर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी त्याला टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. पिवळी मूठ, मध्ये एक तांबडं कडं. रोज हात लागूनही तिची चकाकी गेली नाही, उलट वाढली आहे.

सगळ्यांत अवघड गोष्ट होती पुढचा बंपर. तो तीन ठिकाणी फुटून, लांबीने जोडून, पुन्हा फुटलेला होता. नवा मिळणं शक्य नव्हतं. कुठल्याही दुकानात, कुठल्याही गोदामात तो नाही. मडगावच्या एका गृहस्थांकडे याच गाडीचा न फुटलेला बंपर होता. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. मी फोन केला, कशासाठी हवा ते सांगितलं, आणि त्यांनी आपल्या गाडीचा बंपर उतरवून माझ्या हाती दिला. वर्षानुवर्षं जपलेली वस्तू अनोळखी माणसाला अशी काढून देणारी माणसं आहेत, म्हणून या गाड्या आहेत.

मेस्तांनी त्या बंपरवरून साचा काढला. आधी बंपर घासून पॉलिश केला, कारण साचा प्रत्येक ओरखडा जसाच्या तसा उचलतो. मेणाचे अनेक हात, वर सुटं होण्यासाठी पातळ पापुद्र्याचा द्रव, मग साच्याचा जाड जेलकोट, मॅटचे थर, पाठीला लाकडी पट्ट्या, साचा वाकू नये म्हणून. तो पुरता आवळेपर्यंत हात लावायचा नाही. शेवटी कडेने पाचरी मारत, मध्ये पाणी सोडत दोन्ही वेगळे केले आणि मूळ बंपर एकही ओरखडा न पडता मडगावला परत गेला. मग रिकाम्या साच्यात पहिला हात मारायची वेळ आली. मेस्तांनी ब्रश माझ्याकडे दिला. पिवळा जेलकोट, वजनाच्या दीड टक्का हार्डनर, कारण ऊन होतं. थंडीत दोन टक्क्यांपर्यंत जातात. गाडी रस्त्यावर दिसेल तेव्हा लोकांना जो पृष्ठभाग दिसणार होता तो मी आधी घातला, उलट्या बाजूने, तो दिसत नसताना. मेस्तांचा तरुण पुतण्या मागून मॅट अंथरत होता आणि रोलरने हवेचे बुडबुडे काढत होता. आपण चुकलो तर ते बाहेरून दिसेल हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता.

साचा आता वायरीच्या शेडमध्ये, होड्यांच्या साच्यांच्या रांगेत आडवा ठेवलेला आहे. त्याची बातमी कशी कोण जाणे पसरली. बेळगावहून एका गृहस्थांचा फोन आला, त्यांच्याकडेही हीच गाडी आहे, बंपर हवा आहे. पुतण्याने तो पूर्णपणे स्वतः करायचा असं ठरवलं आहे, आणि त्याला दाराच्या खालच्या पट्टीचाही साचा काढायचा आहे, कारण ती सगळ्यांचीच फुटते. पण मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमेआधी किनाऱ्यावर ओढलेली प्रत्येक होडी दुरुस्त होऊन पाण्यात जायला हवी असते. मेस्तांनी बेळगावला तसं कळवायला सांगितलं. "आधी होड्यो, मगे गाडी." बेळगावच्या गृहस्थांनी होकार दिला आणि रंगाचा नमुना म्हणून आपल्या गाडीच्या दाराआडचा एक टवका पाकिटातून पाठवला. त्यांची गाडी तांबडी आहे.